बाबांना झोपेची गोळी द्यायची का? आधी डब्यातल्या गोळ्या बघा

एका वाचक मुलीचं मोठं पत्र आलंय, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथे देते. "ताई, माझ्या बाबांचं वय ७३, पार्किन्सनला ९ वर्षं झाली. हातापायांचं त्यातल्या त्यात बरं चाललंय पण रात्र नकोशी झालीये. झोपेत ओरडतात, लाथा झाडतात, मागच्या महिन्यात आईच्या गालाला लागलं. दोन-अडीचला जाग येते आणि मग कूसही बदलता येत नाही, आईला उठवावं लागतं. दिवसा मात्र बसल्या बसल्या डुलक्या घेतात. आणि आता डोक्याचं सुरू झालंय, साधा हिशोब जमत नाही, बोलता बोलता धागा सुटतो, संध्याकाळी म्हणतात कोपऱ्यात एक लहान मूल बसलंय. दादा म्हणतो झोपेची स्ट्राँग गोळी देऊ, सगळ्यांनाच झोप मिळेल. मला वाटतं स्मरणशक्तीची गोळी सुरू करावी. दोन्ही एकदम दिल्या तर चालतील का?" सोबत औषधांची यादी आहे: लेव्होडोपा-कार्बिडोपा दिवसातून चार वेळा, प्रॅमिपेक्सोल तीन वेळा, अमँटाडिन सकाळी आणि रात्री, ट्रायहेक्सिफेनिडिल तीन वेळा, आणि झोप यावी म्हणून रात्री एक अ‍ॅलर्जीची गोळी, जी कुणीतरी सुचवली म्हणून घरच्या घरी सुरू केलीये.

अगं, सगळ्यात आधी एक सांगते, यादी पाठवलीस ते फार चांगलं केलंस, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या यादीतच आहे. मी औषधांच्या बाजूची माणूस आहे, बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे इथे वाचून घरी कुठलीही गोळी बंद किंवा सुरू करायची नाही, न्यूरॉलॉजिस्टशी बोलताना काय विचारायचं ते पक्कं व्हावं म्हणून हे लिहितेय. माझं म्हणणं सरळ आहे, आत्ता नवीन काही वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं की यातलं काय कमी करता येईल. झोपेची गोळी आणि स्मरणशक्तीची गोळी दोन्ही नंतरच्या गोष्टी.

का ते सांगते. ट्रायहेक्सिफेनिडिल हे जुनं औषध आहे, थरथर कमी करायला देतात, तरुण पेशंटला ते चालतंही. पण ते काम कसं करतं तर मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन अडवून. आणि लक्ष लागणं, लक्षात राहणं, आजूबाजूचं भान असणं हे सगळं याच रसायनावर चालतं. पार्किन्सनमध्ये हालचालींसाठी लागणारं डोपामिन नावाचं रसायन कमी होतं (लेव्होडोपा तीच कमतरता भरून काढते, प्रॅमिपेक्सोल डोपामिनसारखं काम करतं) हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण आजार जुना झाला की अ‍ॅसिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशीही जायला लागतात हे घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. म्हणजे जे आधीच कमी पडतंय तेच आपण दिवसातून तीन वेळा अडवतोय. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, आणि तेही विसरायला लागलेल्या, भास व्हायला लागलेल्या माणसाला हे औषध शक्यतो देऊ नये असंच आता सगळे न्यूरॉलॉजिस्ट मानतात. अनेकदा होतं काय, गोळी आठ-नऊ वर्षांपूर्वी थरथर फार होती तेव्हा सुरू झालेली असते, मग प्रत्येक व्हिजिटला जुनी चिठ्ठी पुढे चालू राहते आणि माणसाचं वय वाढलंय इकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आणि ती रात्रीची अ‍ॅलर्जीची गोळी. तू नाव लिहिलं नाहीस पण ज्या अ‍ॅलर्जीच्या गोळीने गुंगी येते, डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन वगैरे, त्या सगळ्या हेच अ‍ॅसिटिलकोलीन अडवतात. लोकांना वाटतं साधी सर्दीची गोळी तर आहे, त्याने काय होणार. तरुण माणसाला काही होत नसेल, तुझ्या बाबांना मात्र त्याने दुसऱ्या दिवशी गोंधळ वाढू शकतो, लघवी अडू शकते, बद्धकोष्ठ वाढू शकतो. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीतली नाही त्यामुळे त्यांना बहुतेक माहीतच नसणार की बाबा ती घेतात. पुढच्या व्हिजिटची वाट बघू नकोस, फोन करून सांग, ही सगळ्यात आधी थांबवायला सांगतील.

आता एक गोष्ट नीट लक्षात घे कारण इथेच लोक गडबड करतात. हे वाचून उद्या सकाळी ट्रायहेक्सिफेनिडिल डब्यातून काढून टाकायची नाही. इतकी वर्षं घेतलेली गोळी एकदम बंद केली की थरथर आणि ताठरपणा उसळतो, काहींना गोंधळ, घाम, अस्वस्थपणा होतो. डॉक्टर ती काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात. अमँटाडिनचंही तसंच, प्रॅमिपेक्सोलचं तर जास्तच, ती अचानक थांबवली की भीती, घाम, चिडचिड, उदासी असा त्रास होतो. आणि लेव्होडोपा तर कधीच, म्हणजे कधीच अचानक बंद करायची नाही, त्याने खूप ताप, शरीर लाकडासारखं ताठ होणं, शुद्ध हरपणं असं जिवावरचं होऊ शकतं. हॉस्पिटलमध्ये कधी दुसऱ्या कारणाने अ‍ॅडमिट करायची वेळ आली तरी लेव्होडोपा वेळच्या वेळी चालू आहे ना हे तुम्हीच बघायचं, तिथल्या राउंडच्या वेळा आणि बाबांच्या गोळीच्या वेळा जुळतीलच असं नाही.

आता झोपेकडे येऊ. तू "झोप लागत नाही" म्हणून एकाच प्रश्नात बांधलंयस ते खरं तर तीन वेगळे त्रास आहेत आणि तिन्हीवर वेगळं औषध आहे, म्हणूनच दादाची एक स्ट्राँग गोळी इथे कामाची नाही.

पहिलं ते ओरडणं आणि लाथा. स्वप्नं पडतात त्या झोपेत, तिला आरईएम झोप म्हणतात, मेंदू आपल्या शरीराचे स्नायू ढिले करून ठेवतो म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी अंथरुणात पडूनच असतो. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या देठातली ती व्यवस्था बिघडते, मग माणूस स्वप्न अक्षरशः करून दाखवतो. स्वप्नंही बहुतेक कुणीतरी अंगावर येतंय, कुत्रा मागे लागलाय, चोर शिरलाय अशीच असतात, म्हणून हात उगारला जातो. आईला हे नक्की सांग, कारण गालाला लागलं की मनालाही लागतं, इतक्या वर्षांत ज्याने हात उचलला नाही तो आता मारतोय असं वाटतं, आणि बाबांना तर सकाळी काही आठवतही नसतं. यात राग नाही, मनातलं काही बाहेर येतंय असंही नाही. झोपेतल्या या त्रासाचं पहिलं वर्णन १९८६ साली छापून आलं आणि नंतर कळलं की कित्येकांना हा त्रास थरथर सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीपासून असतो. आईला विचारून बघ, कदाचित म्हणेल की हे तर फार आधीपासून होतं.

यावर औषधाच्या आधी खोली. बाबांचा पलंग बुटका करा किंवा गादी खाली घाला, शेजारचं टोकदार टेबल, काचेचा दिवा हलवा, आणि आईने काही दिवस तरी वेगळ्या पलंगावर झोपावं, यात कमीपणा काही नाही. ओरडायला लागले की जवळ जाऊन हलवून उठवू नका, थोडं लांबूनच नावाने हाक मारा. औषधात पहिली पसंती मेलाटोनिनला, साधारण ३ मिलिग्रॅमपासून झोपायच्या आधी सुरू करतात आणि गरज पडली तर डॉक्टर हळूहळू वाढवतात. त्याने विसरभोळेपणा सहसा वाढत नाही, तोल जात नाही, म्हणून बाबांच्या वयाला ते सोयीचं. दुसरं औषध क्लोनाझेपाम, ०.२५ किंवा ०.५ मिलिग्रॅम, अनेक वर्षं वापरात आहे आणि बऱ्याच जणांना लागूही पडतं, पण ते रात्रीच्या बाथरूमच्या फेरीत पाडतं, सकाळी डोकं जड ठेवतं, विसरायला होणाऱ्या माणसाला आणखी गोंधळात टाकतं, आणि घोरता घोरता श्वास अडकण्याचा त्रास असेल तर तो वाढवू शकतं. दादाच्या डोक्यातली स्ट्राँग गोळी बहुतेक याच जातीची असणार. तुझ्या बाबांसाठी मी तरी ती मागे ठेवीन, डॉक्टरांनी विचार करून दिली तर ती वेगळी गोष्ट, पण घरून मागणी करून घ्यायची नाही. आणि हो, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी हे झोपेतलं लाथा मारणं वाढतं. बाबांना मधल्या काळात तसली गोळी सुरू झाली होती का आणि त्रास त्यानंतर वाढला का, हे आठवून ठेव.

दुसरा त्रास दोन-अडीचचा. हा झोपेचा आजारच नाही गं! शेवटची लेव्होडोपा संध्याकाळी सात-आठला घेतली असेल तर मध्यरात्रीपर्यंत तिचा असर संपलेला असतो. मग पाठ लाकडासारखी, कूस बदलता येत नाही, पाय वळतो, दुखतं, म्हणून जाग येते. अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर तो ताठ तर राहणारच, वर गुंगीत राहणार, आणि आईला हाक मारायचं भानही राहणार नाही. इथे उपाय पार्किन्सनच्या औषधातच आहे, रात्री झोपताना हळूहळू विरघळणारी लेव्होडोपा देतात, किंवा शेवटच्या डोसची वेळ पुढे सरकवतात, किंवा लेव्होडोपाचा असर लांबवणारं दुसरं औषध जोडतात. रोटिगोटिनचा पॅचही असतो, चोवीस तास त्वचेतून औषध सोडणारा, आणि २०११ साली छापलेल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये त्याने रात्रीची झोप आणि सकाळचा ताठरपणा दोन्ही सुधारलेले दिसले. पण तो प्रॅमिपेक्सोलच्याच जातीचा आहे आणि बाबांना आधीच भास होतायत, त्यामुळे त्यांना तो बसेल असं मला वाटत नाही. लेव्होडोपा रात्री वाढवली तरी भास वाढतायत का यावर लक्ष ठेवावं लागेलच.

याच ठिकाणी अमँटाडिन बघ. त्याने झोप उडते, म्हणून दुसरा डोस असलाच तर दुपारनंतर उशिरा घेऊ नये असं सांगतात, तुमच्याकडे तो रात्री चाललाय. शिवाय ते औषध किडनीतून बाहेर पडतं, वय झालं आणि किडनी मंदावली की तोच जुना डोस शरीरात जास्त साचतो आणि मग गोंधळ, भास. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीये ते सांगणारी रक्ताची तपासणी, शेवटची कधी केली होती ते रिपोर्टात शोधून ठेव. (ज्यांच्या घरी सेलेजिलीन चालू आहे त्यांनीही वेळ तपासा, ते शरीरात गेल्यावर अ‍ॅम्फेटामिनसारखी झोप उडवणारी द्रव्यं बनतात म्हणून ते सकाळी-दुपारीच घ्यायचं असतं.)

तिसरं दिवसाच्या डुलक्या. रात्रभर झोप नाही म्हणून दिवसा येणारच, ते आहेच, पण प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही दोन औषधं स्वतःच झोप आणतात, आणि काहींना तर काही सूचना न देता अचानक. १९९९ साली डॉक्टरांनी अशा पेशंटची माहिती छापली जे गाडी चालवता चालवता झोपले आणि धडकले, तेव्हापासून ही औषधं देताना ड्रायव्हिंगबद्दल विचारायची पद्धत पडली. बाबा अजून गाडी चालवत असतील तर आजपासून किल्ली तुमच्याकडे. याच औषधांनी काही जणांना पैसे उधळणं, जुगार, सारखं खाणं, नको त्या वयात नको तितकी कामेच्छा असं काहीतरी विचित्र सुटतं, घरचे लाजेने बोलत नाहीत, पण डॉक्टरांना सांगायलाच हवं कारण डोस कमी केला की ते बहुतेक आटोक्यात येतं. डुलक्यांसाठी मोडाफिनिल नावाची जागं ठेवणारी गोळी मिळते, थोडाफार उपयोग होतो, पण प्रॅमिपेक्सोल तसंच ठेवून वरून ती देणं म्हणजे एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबणं.

आता तुझा मूळ प्रश्न, स्मरणशक्तीची गोळी.

आधी हे समजून घे की बाबांचं जे होतंय ते अल्झायमरपेक्षा थोडं वेगळं आहे. इथे आठवण पुसली जात नाही तितकी, काढायला वेळ लागतो. दोन गोष्टी एकदम सांभाळता येत नाहीत, हिशोब, क्रम, जागेचा अंदाज चुकतो, आणि एका दिवशी एकदम छान तर दुसऱ्या दिवशी धुक्यात असं होतं. घरचे मग म्हणतात नाटक करतात, काल तर बरे होते. नाटक नाहीये ते. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजारावर पहिल्यांदा लिहिलं तेव्हा बुद्धीला काही होत नाही असंच लिहिलं होतं, आणि आजही पुष्कळ घरांत हा फक्त हातापायांचा आजार समजतात, त्यामुळे डोक्याचा त्रास सुरू झाला की तो म्हातारपणावर ढकलला जातो आणि डॉक्टरांपर्यंत पोचायला फार उशीर होतो.

गोळीचा विचार करायच्या आधी जे सुधारता येतं ते तपासून घ्यायचं. बी-१२ आणि थायरॉईड, खूप वर्षं लेव्होडोपा घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी सापडतं. उदासी, कारण पार्किन्सनमधलं डिप्रेशन हुबेहूब विसरभोळेपणासारखं दिसतं. आणि ब्लड प्रेशर, हे घरीच करता येईल: बाबांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घे, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घे, धरून उभं कर. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर उभं राहिल्यावर मेंदूला रक्त कमी पडतंय, आणि मग डोकं बधिर होतं, बोलताना धागा सुटतो, लोकांना वाटतं स्मरणशक्ती गेली. सारखी लघवी लागते म्हणून देतात ती गोळी चालू आहे का तेही बघ, ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या परत त्याच अ‍ॅसिटिलकोलीनला अडवतात, त्याऐवजी मिराबेग्रॉन देता येतं का विचारता येईल.

आणि बदल जर अचानक झाला असेल, दोन-चार दिवसांत माणूस एकदम भरकटला, तर तो पार्किन्सन वाढलाय असं समजून बसायचं नाही. युरिन इन्फेक्शन, छातीत कफ, पाणी कमी पडणं, पोट साफ नसणं, पडून डोक्याला मार, यातलं काहीतरी असतं आणि त्याच दिवशी दाखवायचं असतं.

हे सगळं करून, ट्रायहेक्सिफेनिडिल उतरवून, तरीही त्रास राहिला तर मग रिव्हास्टिग्मिन. पार्किन्सनमधल्या डिमेन्शियासाठी, म्हणजे विचारशक्ती आणि स्मरणशक्ती ढासळते त्यासाठी, सगळ्यात चांगला पुरावा याच औषधाचा आहे. हे अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम अडवतं, म्हणजे जे थोडं उरलंय ते जास्त वेळ टिकतं. आता कळलं ना, ट्रायहेक्सिफेनिडिल चालू ठेवून हे देण्यात अर्थ का नाही? एक औषध ते रसायन टिकवणार आणि दुसरं त्याचंच दार लावून घेणार. अशा जोड्या चिठ्ठ्यांमध्ये सर्रास दिसतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पेशंट दोन्हींचे साइड इफेक्ट सोसतो आणि फायदा एकाचाही नाही.

अपेक्षा किती ठेवायची तेही मोकळेपणी सांगते. याच औषधाची ५४१ पेशंटवर केलेली २४ आठवड्यांची ट्रायल २००४ साली छापून आली. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांत घरच्यांना जाणवेल इतकी सुधारणा झाली, आणि नुसती औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही ती १४-१५ टक्क्यांत दिसलीच. पण उलट बाजूने बघ, ठळकपणे खालावलेले औषधावर १३ टक्के आणि औषधाविना २३ टक्के. म्हणजे बाबा पूर्वीसारखे होतील असं नाही, घसरण जरा थोपवली जाते, लक्ष थोडं जास्त लागतं, भासही काहींचे कमी होतात. मळमळ आणि उलटी हे मुख्य त्रास, आणि साधारण दहातल्या एकाला थरथर वाढलेली जाणवली. आजार थांबत नाही, पण घरात रोजचं बोलणं चालणं थोडं सुसह्य झालं तरी ते पुष्कळ असतं, मी स्वतः याच्या बाजूची आहे. सुरू करण्याआधी नाडी आणि ईसीजी मात्र बघून घ्यायचे, हृदयाची गती आधीच मंद असेल तर या औषधाने चक्कर येऊन पडायला होतं.

कॅप्सूलपेक्षा पॅचने मळमळ कमी होते. ४.६ मिलिग्रॅमच्या पॅचने सुरू करतात, निदान चार आठवडे झाले आणि सोसला तर ९.५. पॅच लावायची पद्धत मात्र आईला समोर बसवून दाखव. जुना पॅच आधी काढायचा, मगच नवा. हे सांगायला एवढं सोपं आहे पण पाठीवर लावलेला जुना पॅच दिसत नाही, रोज एक नवा लागत जातो, आणि दोन-तीन पॅच एकदम अंगावर राहिले की उलट्या, नाडी मंद, माणूस थेट इमर्जन्सीत. म्हणून नवा पॅच लावण्याआधीच त्यावर पेनाने तारीख लिहायची, जुना काढून चिकट बाजू आत दुमडून टाकायचा, आणि जागा रोज बदलायची, आज पाठीच्या वर डावीकडे तर उद्या उजवीकडे, मग दंड, मग छाती, तीच जागा परत १४ दिवस नको. त्वचा कोरडी हवी, तेल-क्रीम नको, केस असतील तिथे नको, तळव्याने अर्धा मिनिट दाबून धरायचा. मध्येच तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर होता तोच डोस परत लावायचा नाही, डॉक्टरांना विचारून खालून सुरुवात.

डोनेपेझिल हा दुसरा पर्याय, दिवसातून एक गोळी, काम साधारण तसंच. पण रात्री घेतली तर विचित्र भडक स्वप्नं पडतात, आणि बाबांच्या झोपेचं आधीच जे चाललंय ते बघता, दिलीच तर सकाळी द्यायला सांगतात का ते विचार. मेमँटिनचे निकाल संमिश्र आहेत. टॉनिकं, ब्रेन बूस्टर वगैरेवर पैसे घालवू नका.

राहिलं कोपऱ्यातलं लहान मूल. बाबा घाबरतात का? की नुसतं सांगतात, "बघ, बसलंय," आणि तुम्ही म्हटलं की नाही तिथे कुणी, तर मान्य करतात? मान्य करत असतील तर लगेच औषध लागेलच असं नाही. संध्याकाळी खोलीत दिवा लवकर आणि भरपूर लावा, डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू असेल तर असे भास वाढतात, आणि वाद घालू नका. औषध कमी करण्याचा क्रम साधारण असा असतो की आधी अ‍ॅसिटिलकोलीन अडवणारी, मग अमँटाडिन, मग प्रॅमिपेक्सोलसारखी, आणि लेव्होडोपा सगळ्यात शेवटी, कारण डोक्याला त्यातल्या त्यात कमी त्रास देणारी तीच. एवढं करूनही बाबा घाबरायला लागले, कुणीतरी मारायला आलंय, बायको खरी नाही असलं म्हणायला लागले तर क्वेटायापिन अगदी कमी डोसमध्ये, १२.५ किंवा २५ मिलिग्रॅमपासून, देतात. क्लोझापिनचा पुरावा त्याहून पक्का आहे पण पांढऱ्या पेशी घसरत नाहीत ना हे बघायला नियमित रक्त तपासावं लागतं. पिमावॅन्सेरिन नावाचं एक औषध २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण सगळीकडे मिळत नाही. यातलं कुठलंही औषध डिमेन्शिया असलेल्या वयस्कर माणसाला जपून आणि गरजेपुरतंच, कारण या गटाच्या औषधांनी अशा पेशंटमध्ये मृत्यूचा धोका वाढतो.

आणि हे तर कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेव, मी मनापासून सांगतेय: हॅलोपेरिडॉल नको, रिस्पेरिडोन नको, ओलान्झापिन नको. रात्री-अपरात्री बाबा गोंधळले, इमर्जन्सीत नेलं, तिथल्या नवख्या डॉक्टरने शांत करायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसू शकत नाही, ही औषधं डोपामिनच अडवतात. तेच उलटीच्या मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिनचं. चक्करेसाठी सर्रास देतात त्या सिनारिझिन, फ्लुनारिझिननेही पार्किन्सन बिघडतो. उलटीसाठी बहुतेक वेळा डोमपेरिडोन चालतं, तेही हृदयाचा विचार करून.

व्हिजिटच्या आधी एक आठवडा वही कर. "झोप नीट नाही" असं डॉक्टरांना सांगून काहीच कळत नाही. असं लिही: रात्री २.१० ला हाक मारली, डावा पाय ताठ, कूस बदलता येईना, आईने वळवलं. पहाटे चारला ओरडले, हात उगारला, डोळे मिटलेले. सकाळी सहाची गोळी, पावणेसातला हातपाय मोकळे. अकराला खुर्चीत झोप, हाक मारल्यावर जागे. संध्याकाळी साडेसहाला मूल दिसलं, घाबरले नाहीत. शेजारी प्रत्येक गोळीची खरी वेळ लिही, चिठ्ठीतली नको. जेवणाची वेळही लिही, कारण जड, प्रोटीनच्या जेवणासोबत लेव्होडोपा घेतली तर ती नीट शोषली जात नाही, साधारण अर्धा तास आधी घेतलेली बरी. एका रात्रीचा, त्या ओरडण्याचा, मोबाईलवर व्हिडिओ घे, तेवढ्यावरून डॉक्टरांना खूप कळतं. घोरताना श्वास अडकतो का तेही त्यात दिसेल, तसं असेल तर झोपेची टेस्ट करायला सांगतील.

आणि एका वेळी एकच बदल, हे डॉक्टरांकडून नीट ठरवून घे. तीन औषधं एकदम हलवली की बरं कशाने वाटलं आणि बिघडलं कशाने, काहीच कळत नाही. अ‍ॅलर्जीची गोळी थांबवल्यावर आणि ट्रायहेक्सिफेनिडिल उतरवताना थरथर थोडी वाढेल, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर पहिल्याच आठवड्यात दादा म्हणेल औषध काढलं म्हणून बिघडलं आणि परत सुरू होईल. जरा जास्त थरथरणारे पण ओळख ठेवून बोलणारे बाबा हवे की कमी थरथरणारे पण धुक्यात असलेले, हा निर्णय तुम्ही घरच्यांनी आणि स्वतः बाबांनी मिळून घ्यायचा आहे, आणि चांगल्या दिवशी, ते नीट बोलत असताना, त्यांना विचारूनच घ्या.

दादाला सांग की त्याचा मुद्दा चुकीचा नाही, आईची झोप हा खरंच मोठा प्रश्न आहे, रोज रात्री तीन-चार वेळा उठून सत्तरीच्या जवळची बाई किती दिवस टिकेल. पण त्याचं उत्तर बाबांना गुंगीत ठेवणं नाही. औषधं बसायला काही आठवडे लागतील, तोवर आठवड्यातल्या निदान दोन रात्री दादाने बाबांच्या खोलीत झोपावं आणि आईने दार लावून दुसऱ्या खोलीत. वहीही त्या रात्री त्यानेच लिहावी.